मालकाचा दाखला

कॅनडात कायमचे वास्तव्य मिळवण्यासाठी ‘एक्स्प्रेस एंट्री’च्या मार्गाने अर्ज करणाऱ्याला, ज्या नोकरीचा अनुभव तो दाखवतो त्या प्रत्येक नोकरीच्या मालकाकडून एक पत्र आणावे लागते. पत्र कंपनीच्या लेटरहेडवर हवे. खाली वरिष्ठाची किंवा मनुष्यबळ खात्यातल्या अधिकाऱ्याची सही, नाव आणि पद हवे. हुद्दा कोणता होता, नोकरी कधीपासून कधीपर्यंत, आठवड्याला किती तास काम, वर्षाचा पगार आणि इतर लाभ किती, आणि मुख्य म्हणजे काम नेमके काय होते, हे सगळे त्यात हवे. पुण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या कंपनीकडून नोकरी सोडताना जे ‘एक्स्पीरियन्स लेटर’ मिळते त्यात यातले बरेचसे नसते. दोन तारखा, एक हुद्दा आणि पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा, एवढ्यावर ते आटोपते. मग अर्जदार एचआरकडे खेटे घालतो आणि एचआर ‘पॉलिसीत बसत नाही’ म्हणून हात वर करते. या ओढाताणीचे खापर कोणी एचआरच्या आळसावर फोडतो, तर कोणी परदेशी अधिकाऱ्यांच्या काटेकोरपणावर. आळस आणि काटेकोरपणा दोन्ही असतील, पण अडचणीचे मूळ त्यात नाही. मालकाच्या दाखल्याला साडेचारशे वर्षांचा कायदेशीर इतिहास आहे, आणि त्या इतिहासात दोन प्रश्नांवर सतत झगडा झाला आहे: दाखल्यात काय लिहायचे, आणि तो देणे मालकावर बंधनकारक आहे की नाही. विसाव्या शतकातल्या स्थलांतर-कायद्यांनी पहिल्या प्रश्नाचे बऱ्यापैकी शहाणे उत्तर उचलले आणि दुसरा प्रश्न तसाच सोडून दिला. आजचा अर्जदार त्या सुटलेल्या प्रश्नापाशी अडकलेला आहे.

दाखल्याचा जन्म कामगाराच्या सोयीसाठी झालेला नाही. इंग्लंडमध्ये 1563 साली, पहिल्या एलिझाबेथच्या राज्यात, कारागीर आणि मजूर यांच्याविषयी जो मोठा कायदा झाला त्यात अशी तरतूद होती की मुदत भरल्यावर नोकराने गाव सोडताना आपण रीतसर सुटलो असल्याचा दाखला बरोबर बाळगावा. तो गावचा कॉन्स्टेबल किंवा तत्सम अधिकारी आणि दोन प्रतिष्ठित रहिवासी यांच्या शिक्क्याने मिळे. दाखला न पाहता नोकर ठेवणाऱ्या नव्या मालकाला 5 पौंड दंड होता. दाखल्याशिवाय सापडलेल्या नोकराला तुरुंगात टाकत, आणि 21 दिवसांत तो कागद हजर करता आला नाही तर भटका समजून फटके मारत. साथींनी आणि महागाईने हललेल्या समाजात मजूर जागच्या जागी राहावा, चांगल्या मजुरीच्या मागे गावोगाव फिरू नये, हा कायद्याचा उघड हेतू होता. म्हणजे आज देशाच्या सीमा ओलांडण्यासाठी जो कागद लागतो, त्याचा हा पूर्वज माणसाने परगण्याची सीमा सहज ओलांडू नये म्हणून जन्माला आला. तरी त्यातली एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. दाखला देणारा एकटा मालक नव्हता. गावाचा अधिकारी त्यात होता, म्हणजे कागदामागे सार्वजनिक हात होता.

पुढच्या दोन शतकांत तो हात मागे गेला आणि मालकाची खाजगी चिठ्ठी पुढे आली. श्रीमंत घरांतल्या नोकरचाकरांच्या बाबतीत चिठ्ठीवर इतके अवलंबून राहू लागले की खोट्या चिठ्ठ्यांचा सुळसुळाट झाला, आणि 1792 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटला त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. मालक असल्याची बतावणी करून शिफारस देणे, नोकरीचा काळ खोटा सांगणे, बनावट कागद दाखवून नोकरी मागणे, या सगळ्याला 20 पौंडांचा दंड ठेवला. पण आठच वर्षांनी, 1800 साली, एका खटल्यात इंग्लिश न्यायालयाने सांगितले की नोकराला दाखला देण्याची कायदेशीर जबाबदारी मालकावर नाही. खोटा दाखला गुन्हा, खरा दाखला मात्र मेहेरबानी. ही विषम रचना इंग्लिश कायद्याबरोबर त्याच्या वसाहतींत गेली, आणि आपल्याकडे आली ती याच रूपात. मुंबई-कलकत्त्याच्या साहेबांच्या बंगल्यांतले खानसामे, बटलर, आया साहेबांच्या चिठ्ठ्यांची पुडकी जपून ठेवत. चिठ्ठी उसनी आणलेली, विकत घेतलेली किंवा मेलेल्या भावाची असते, ही त्या घरांतली कायमची कुरकुर होती. चिठ्ठी हक्काने मागता येत नसेल तर ती बाजारात मिळेल, एवढे साधे अर्थशास्त्र त्या कुरकुरीत कुणाला दिसले नाही. दुसरीकडे 1859 च्या कायद्याने आगाऊ पैसे घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराला किंवा मजुराला तीन महिन्यांपर्यंत कैदेत टाकण्याची सोय केली, आणि ती 1920 च्या दशकापर्यंत टिकली. मजुराने सोडून जाऊ नये यासाठी सरकार हजर होते. तो रीतसर सोडून गेला हे लिहून देण्यासाठी ते हजर नव्हते.

फ्रान्सने या प्रश्नाला वेगळी, आधी अधिक कठोर आणि नंतर अधिक शहाणी वाट दिली. 1803 मध्ये नेपोलियनच्या राजवटीत कामगाराला एक वही बाळगणे सक्तीचे झाले. कामावर असेपर्यंत ती मालकाकडे राही. मालकाकडून घेतलेली उचल त्यात लिहिलेली असे आणि ती फिटेपर्यंत सुटका अवघड होई. वहीशिवाय प्रवास करणारा कामगार भटका ठरे. या वहीवर फ्रेंच कामगारांनी आणि विचारवंतांनी जवळजवळ शतकभर टीका केली, आणि कायदा टप्प्याटप्प्याने सैल झाला. 1854 मध्ये वही कामगाराच्या हाती आली आणि मालकाने तिच्यात बरा किंवा वाईट कोणताही शेरा मारू नये असे ठरले. अखेर 2 जुलै 1890 च्या कायद्याने वही रद्द झाली. पण त्या कायद्याने रिकामी जागा सोडली नाही. करार संपल्यावर कामगाराला मालकाकडे एक प्रमाणपत्र मागता येईल, मालकाने ते दिले नाही तर नुकसानभरपाई द्यावी लागेल, आणि त्या प्रमाणपत्रात तीनच गोष्टी असतील: कामाला लागल्याची तारीख, काम सोडल्याची तारीख, आणि काम कोणत्या प्रकारचे होते. या तीन बाबी माझ्या मते साऱ्या कथेचा कणा आहेत. मालकाचे मत काढून टाकले, वस्तुस्थिती ठेवली, आणि ती वस्तुस्थिती कामगाराच्या हक्काची केली.

जर्मनीनेही 1 जानेवारी 1900 पासून लागू झालेल्या आपल्या नागरी संहितेत दाखला मागण्याचा हक्क दिला, पण तिथे कामगाराला हवे असेल तर कामाच्या दर्जाविषयीही लिहून मागता येते. न्यायालयांनी पुढे म्हटले की असा दाखला खरा तर हवाच, शिवाय कामगाराच्या भवितव्याला मारक नको. दोन्ही अटी एकदम पाळायच्या म्हणून जर्मन मालकांनी एक सांकेतिक भाषाच घडवली. ‘यांनी नेहमी प्रयत्न केला’ असे लिहिले की जाणकाराने समजायचे, यांना काही जमले नाही. आजच्या जर्मन कायद्यात असे छुपे अर्थ लिहिण्यास मनाई करणारे वाक्य आहे, आणि तरीही त्या भाषेचे अर्थ लावून देणारी पुस्तके तिथे खपतात. मतप्रदर्शनाला दार उघडे ठेवले की काय होते ते पाहायला याहून चांगला नमुना नाही. त्याच्या दुसऱ्या टोकाला केनिया आहे. तिथे पहिल्या महायुद्धानंतर आफ्रिकी पुरुषांना गळ्यात धातूच्या डबीत ‘किपांडे’ नावाचा कागद अडकवून फिरावे लागे. त्यावर नोकरीची नोंद असे, आणि मालकाने सोडल्याची सही केल्याशिवाय दुसरीकडे काम धरणे गुन्हा होता. हे 1803 च्या फ्रेंच वहीचेच वसाहती रूप म्हणता येईल.

पण सीमा ओलांडणाऱ्या कामगाराचा दाखला कसा असावा, याचे सर्वांत सविस्तर उत्तर दिले ते समुद्रावरच्या धंद्याने, आणि त्यात कोकण-गोव्याच्या माणसांचा मोठा वाटा होता. मुंबई बंदरातून सुटणाऱ्या आगबोटींवर डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी असत, आणि भोजनगृहात, स्वयंपाकघरात गोव्याचे तारवटी. दोन सफरींच्या मधल्या काळात हे गोवेकर धोबीतलावच्या आणि माझगावच्या गावनिहाय ‘कुडां’त राहत आणि पुढच्या बोटीची वाट पाहत. बोट बदलली की मालक बदलला. एका कप्तानाच्या हाताखाली केलेली वर्षे दुसऱ्या कप्तानाला पटवून द्यायची, तीही दुसऱ्या देशाच्या बंदरात, ही त्यांच्या रोजीरोटीची अटच होती. ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या 1894 च्या कायद्याने खलाशाला उतरवताना कप्तानाने नोकरीचा काळ आणि उतरवल्याची वेळ-जागा लिहून सही करून द्यावी अशी सक्ती केली, आणि न दिल्यास 10 पौंडांपर्यंत दंड ठेवला. उतरवणे सरकारी अधिकाऱ्यासमोर होई. मुंबईत हे काम शिपिंग मास्तरच्या कचेरीत चाले. 1900 पासून ब्रिटिश खलाशांना सुट्या कागदांऐवजी सलग नोंदींचे पुस्तक मिळू लागले. आपल्याकडचा ‘सीडीसी’ (कंटिन्युअस डिस्चार्ज सर्टिफिकेट) त्याच कुळातला, आणि आजही मुंबई, कोलकाता, चेन्नईच्या शिपिंग मास्तरांच्या नावाने तो निघतो. ज्या गोष्टीसाठी जमिनीवरच्या इंग्लिश नोकराला मालकाची मेहेरबानी लागत होती, ती समुद्रावरच्या नोकराला कायद्याने आणि सरकारी साक्षीने मिळत होती. कारण उघड आहे: जहाजमालकांनाच अनुभवी माणूस लवकर ओळखण्याची गरज होती.

अर्थात खलाशाच्या कागदातही मालकाचे मत घुसलेलेच होते. कौशल्य आणि वर्तन यांसाठी दोन शेरे असत. बहुतेकांना ‘व्हेरी गुड’चा शिक्का मिळे, आणि ज्याच्यावर कप्तानाचा राग त्याच्यासाठी ‘मत देण्यास नकार’ असा शेरा. हा नकार ऐकायला सौम्य वाटतो, पण त्याने माणूस किनाऱ्यावर बसे. हे लक्षात घेऊनच आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1926 मध्ये खलाशांच्या करारनाम्यांविषयी जी संहिता मंजूर केली तिच्या पाचव्या कलमात म्हटले की प्रत्येक खलाशाला जहाजावरच्या नोकरीची नोंद असलेला कागद मिळालाच पाहिजे, आणि त्यात कामाच्या दर्जाविषयी किंवा पगाराविषयी काहीही लिहिलेले नसावे. दर्जाचे प्रमाणपत्र हवे असेल तर ते कामगाराने स्वतंत्रपणे मागावे, तोही त्याचा हक्कच. हाच नियम 2006 च्या सागरी कामगार संहितेत आला आणि भारताने ती 2015 मध्ये स्वीकारली. फ्रान्सने 1890 मध्ये आपल्या सीमेच्या आत जे केले होते, ते समुद्रावर आंतरराष्ट्रीय पातळीवर झाले. उलट, मुंबईच्याच गिरण्यांत त्या काळी कामगाराजवळ असा कोणताही कागद नसे. तिथे जॉबरचा, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाचा, शब्द हाच दाखला, आणि 1935 मध्ये गिरणीमालकांच्या संघाने बदली कामगारांना कार्डे देईपर्यंत तो शब्द पैशाने आणि नात्यागोत्याने विकला जात होता. कागद असला म्हणजे सगळे झाले असेही नाही, हे मान्य करायला हवे. 1925 मध्ये ब्रिटनने गौरेतर परकीय खलाशांच्या नोंदणीचा हुकूम काढला तेव्हा ब्रिटिश प्रजाजन असलेल्या अनेक हिंदी खलाशांचीही परके म्हणून नोंद झाली. कागद वाचणाऱ्याला वाचायचाच नसेल तर उपाय नसतो. पण त्यावरून कागद नकोच असे ठरत नाही.

आता स्थलांतर-कायद्यांकडे येऊ. 1967 मध्ये कॅनडाने गुणांवर आधारलेली पद्धत सुरू केली तेव्हा 100 पैकी 50 गुण लागत, आणि शिक्षण, वय, व्यवसायाची मागणी, भाषा अशा नऊ कसोट्यांत कामाचा अनुभव ही स्वतंत्र कसोटी नव्हती. त्याऐवजी 15 गुण मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात होते: उमेदवार किती जुळवून घेईल, किती धडपड्या आहे, हे त्याने समोर बसवून ठरवायचे. अनुभवाला गुण मिळाले ते 1978 च्या नियमांत, तेही 8. 2002 मध्ये लागू झालेल्या कायद्याखाली ते 21 झाले, आणि अनुभव मोजायचा तर सरकारी व्यवसाय-सूचीत त्या व्यवसायासमोर लिहिलेल्या मुख्य कामांपैकी बरीचशी अर्जदाराने केली असली पाहिजेत, असे ठरले. 2015 मध्ये ‘एक्स्प्रेस एंट्री’ आली तोवर प्रत्यक्ष मुलाखत हा अपवाद झाला होता. अधिकाऱ्याचे व्यक्तिगत मत हटले हे चांगलेच झाले. त्या 15 गुणांत वंश आणि वर्ग यांचे पूर्वग्रह लपायला भरपूर जागा होती. मात्र जे वजन अधिकाऱ्याच्या नजरेवर होते ते मालकाच्या पत्रावर येऊन पडले. अमेरिकेत तर काही भारतीयांच्या बाबतीत या पत्राने विद्यापीठाची जागा घेतली. एच-वन-बी व्हिसासाठी चार वर्षांच्या पदवीची बरोबरी लागते. आपल्याकडची बी.एस्सी. किंवा बी.कॉम. बहुधा तीन वर्षांची. कमी पडणारे एक वर्ष त्या विषयातल्या तीन वर्षांच्या अनुभवाने भरून काढता येते, आणि तो अनुभव कागदावर सिद्ध करावा लागतो. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधराचे चौथे वर्ष असे त्याच्या जुन्या साहेबाच्या सहीवर अवलंबून राहते.

इथे 1890 च्या त्या तीन बाबी पुन्हा आठवाव्यात. कॅनडा किंवा अमेरिका जे मागते ते मुळात तेच आहे: कधी लागलात, कधी सोडले, काम काय केले. मालकाचे मत त्यांना नको असते. मालक मात्र तीनपैकी दोनच बाबी देतो. ब्रिटनमध्ये 1994 साली, तेव्हा सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की शिफारसपत्र देताना मालकाने काळजी घेतली नाही तर तो भरपाईस पात्र ठरतो. त्यानंतर तिथल्या कंपन्यांनी तारखा आणि हुद्द्यापलीकडे न लिहिण्याची सवय लावून घेतली. अमेरिकेत अब्रुनुकसानीच्या भीतीने तीच रीत आधीपासून होती. जगभर शाखा असलेल्या कंपन्यांत हीच ‘पॉलिसी’ सर्वत्र दिसते. त्यांची भीती मताविषयीची आहे, पण मतासोबत कामाचे साधे वर्णनही त्यांनी टाकून दिले. म्हणून या कंपन्यांच्या वतीने जो मुख्य आक्षेप घेतला जातो, की सक्ती केली तर मालकाला मनाविरुद्ध कौतुक किंवा निंदा लिहावी लागेल, तो मला टिकणारा वाटत नाही. ‘हिशेब तपासणीचे काम केले, आठवड्याला 45 तास’ यात कौतुकही नाही आणि निंदाही नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यात मुख्याध्यापकाला मुलाविषयी काय वाटते हे कोणी विचारत नाही, पण तो अडवून ठेवणाऱ्या मुख्याध्यापकाला 2009 चा शिक्षणहक्क कायदा शिस्तभंगाच्या कारवाईची तंबी देतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दाखला सक्तीचा केला की मालकाच्या हाती पुन्हा सत्ता जाते, फ्रेंच वही आणि किपांडे यांचे भूत परत येते. या भीतीला आखातात जिवंत पुरावा आहे. कफाला या मालकाच्या हमीवर चालणाऱ्या व्हिसा-पद्धतीत नोकरी बदलायला जुन्या मालकाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागे. कतारने ते 2020 मध्ये रद्द केले, तोवर रत्नागिरी-रायगडच्या कित्येक घरांना त्या तीन अक्षरांच्या एनओसीचा अर्थ चांगला कळलेला होता. पण ना-हरकत म्हणजे परवानगी, आणि दाखला म्हणजे घडून गेलेल्याची नोंद. परवानगी नाकारण्याचा अधिकार मालकाला असतो. नोंद नाकारण्याचा अधिकार नसावा, एवढेच माझे म्हणणे आहे. उलट आजची ऐच्छिक पद्धतच मालकाच्या हाती जास्त सत्ता देते. चालू नोकरीतल्या माणसाला पत्र मागताना देश सोडण्याचा बेत साहेबाला सांगावाच लागतो, आणि मग पगारवाढ, प्रकल्प, बढती सगळे त्या एका मागणीच्या सावलीत येते. 1803 मध्ये वही मालकाच्या कपाटात असल्यामुळे कामगाराला दुसरे काम शोधता येत नसे. आज पत्र मागताच शोध उघडा पडतो.

तिसरा आक्षेप असा की पत्राला पर्याय आहेतच. भविष्यनिर्वाह निधीचे खाते, फॉर्म 16, पगाराच्या पावत्या, सहकाऱ्याचे स्टँपपेपरवरचे प्रतिज्ञापत्र. मालकाचे पत्र मिळत नसेल तर दुसरा पुरावा विचारात घेतला जाईल, असे अमेरिकेचे नियम सांगतात. कॅनडाचे अधिकारीही खुलाशासह इतर कागद पाहतात. ही सोय खरी आहे, पण अपुरी. निधीचे खाते पैसे कुणी भरले ते सांगते, माणूस काय करत होता ते नाही. सहकाऱ्याच्या प्रतिज्ञापत्राला किती वजन द्यायचे ते पुन्हा अधिकाऱ्यावर, म्हणजे 1967 चे 15 गुण मागच्या दाराने परत. आणि जिथे पत्र मिळते तिथेही ते बहुधा अर्जदारानेच लिहिलेले असते. कामाची यादी तो स्वतः तयार करतो, सरकारी सूचीतली वाक्ये जशीच्या तशी घेतली तर संशय येईल म्हणून थोडी फिरवतो, आणि साहेबाकडे सहीला नेतो. साहेबाने वाचले नाही तरी चालते. खोटेपणाच्या भीतीने तपशील मागायचा आणि तपशील देण्याची जबाबदारी कुणावरच टाकायची नाही, यातून हेच निघणार. बनावट अनुभवपत्रे विकणाऱ्यांचा धंदा चालतो तो याच फटीत, अगदी साहेबी बंगल्यांतल्या उसन्या चिठ्ठ्यांसारखा.

राहिला प्रश्न कायदा कुणी करायचा. परदेशी सरकार भारतातल्या मालकावर सक्ती करू शकत नाही, हे खरेच. ती सक्ती इथल्याच कायद्याने व्हायला हवी, आणि तिचे तुकडे इथे आधीपासून आहेत. 1946 च्या कायद्याखालच्या आदर्श स्थायी आदेशांत कायम कामगाराला नोकरी संपताना सेवा-प्रमाणपत्राचा हक्क होता, पण त्यात काय लिहायचे ते सांगितलेले नव्हते. कंत्राटी कामगारांच्या 1971 च्या नियमांत तर त्यासाठी छापील नमुना होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीविषयीच्या संहितेचे 56 वे कलम सांगते की कंत्राटी कामगाराने मागितल्यास कंत्राटदाराने त्याला केलेल्या कामाच्या तपशिलासह अनुभवपत्र द्यावे. म्हणजे हिंजवडीतल्या एखाद्या इमारतीत झाडलोट करणारा कंत्राटी कामगार आपल्या कामाचा तपशील कंत्राटदाराकडून कायद्याचे बोट दाखवून लिहून घेऊ शकतो. त्याच इमारतीत कंपनीच्या थेट नोकरीत असलेल्या इंजिनियरला या कलमाचा उपयोग नाही, कारण ते कंत्राटी कामगारांपुरतेच लिहिलेले आहे.